दोन सॅकवाल्या टॅकलला ९ कोटी ६० लाख डॉलर कशाचे?

तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी मांडतो. तुम्ही शार्लटला राहता, कॅरोलायना पँथर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे सामने बघता. एप्रिल २०२४ मध्ये पँथर्सनी डेरिक ब्राउन या डिफेन्सिव्ह टॅकलशी ४ वर्षांसाठी ९ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. आदल्या हंगामात त्याच्या नावावर सॅक (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकीआधीच पाडणं) होते फक्त २. तुमचा मुलगा हायस्कूलच्या संघात याच जागी खेळतो. शुक्रवारी रात्री लाउडस्पीकरवर त्याचं नाव जवळजवळ येतच नाही. कोच मात्र म्हणतो, हा नसेल तर आपला डिफेन्स कोसळेल. ही आईबापांची समजूत काढणं आहे की यात काही तथ्य आहे, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं हायस्कूलच्या मुलांना डिफेन्सिव्ह लाइन शिकवतोय. समजूत काढणारे कोच मीही पाहिलेत, त्यामुळे तुमची शंका रास्त आहे. पण या जागेचं मोल खरं आहे आणि ते डोळ्यांनी तपासता येतं. फक्त ते त्या खेळाडूच्या रकान्यात शोधायचं नाही, त्याच्या आजूबाजूच्यांच्या रकान्यात शोधायचं.

आधी जागा समजून घेऊ. ऑफेन्सच्या, म्हणजे चेंडू ताब्यात असलेल्या संघाच्या, बाजूला क्वार्टरबॅकच्या पुढ्यात पाच धिप्पाड खेळाडू असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, कडेला टॅकल (हा ऑफेन्सचा; तुमच्या मुलाच्या जागेशी नाव तेवढं सारखं). सेंटर आणि गार्डमधली फट म्हणजे ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी गॅप. या आतल्या चार फटींवर जे राखणदार असतात ते इंटिरिअर डिफेन्सिव्ह लाइनमन. सेंटरच्या अगदी समोर उभा राहणारा झीरो टेक्निक, त्याच्या खांद्यावर उभा राहणारा वन टेक्निक, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर उभा राहणारा थ्री टेक्निक. आकडा बदलला की कामही बदलतं. झीरो आणि वनवरचा माणूस, ज्याला सगळे नोज टॅकल म्हणतात, तो जागा धरतो. थ्री टेक्निक घुसतो. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ही मंडळी साधारण १३० ते १५५ किलोंची असतात.

आता एक रोजचा रन प्ले (चेंडू घेऊन धावण्याचा डाव) घ्या, इनसाइड झोन. स्नॅप होताच, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देताच, सेंटर आणि गार्ड दोघं मिळून नोज टॅकलवर येतात. यालाच डबल टीम म्हणतात. त्याला नुसतं अडवून त्यांचं भागत नाही. खांद्याला खांदा भिडवून त्याला मागे रेटायचं आणि मग दोघांपैकी एकाने सुटून मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरवर जायचं, असा तो डाव असतो. म्हणून त्या क्षणी दोघांचे हात नोज टॅकलवर असतात, पण डोळे लाइनबॅकरवर. तो ज्या अंगाला सरकेल त्या अंगाचा माणूस सुटणार. गार्ड वेळेवर सुटला, तर ज्याच्या अंगावर १४० किलो येऊन आदळतात तो लाइनबॅकर त्या गार्डपेक्षा ३०-३५ किलोंनी हलका असतो. पुढचे पाच-सहा यार्ड रनिंग बॅकला फुकट मिळतात.

नोज टॅकलने इथे काय करायचं? सरळ उभा राहिला तर संपला. कंबर खाली घ्यायची, रेटा ज्या बाजूने येतोय त्या माणसाच्या अंगात आपला नितंब घुसवायचा, पाठ वळू द्यायची नाही आणि अगदीच जमेनासं झालं तर एक गुडघा टेकवून तिथेच ढीग करायचा. त्याने त्या दोघांना आणखी अर्धा सेकंद स्वतःवर अडकवून ठेवलं, तर लाइनबॅकरच्या अंगावर कोणी येतच नाही. तो मोकळा धावत येतो आणि एक-दोन यार्डांवर टॅकल करतो, म्हणजे धावणाऱ्याला पाडतो. लाउडस्पीकरवर नाव लाइनबॅकरचं. नोज टॅकल तोवर ढिगाऱ्याखालून उठत असतो. हिशेब साधा आहे: दोन्हीकडे माणसं अकराच. एकाने दोघांना गुंतवलं की मैदानावर कुठेतरी आपला एक माणूस मोकळा राहिलाच.

(काही मुरलेले नोज टॅकल गार्डची जर्सी मुठीत धरून त्याला सुटूच देत नाहीत. हा डिफेन्सिव्ह होल्डिंगचा फाउल आहे, एनएफएलमध्ये ५ यार्ड आणि वर फर्स्ट डाउनही (समोरच्यांना नव्याने चार प्रयत्न) जातो. पण त्या गर्दीत तो पंचांना दिसायला हवा ना. मी हे शिकवत नाही. शिकवावंही लागत नाही.)

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण २००० सालच्या बॉल्टिमोर रेव्हन्सचं. त्या संघाने १६ सामन्यांत फक्त १६५ गुण दिले आणि धावून फक्त ९७० यार्ड, म्हणजे सामन्याला ६१ च्या आसपास. १६ सामन्यांच्या हंगामासाठी हे दोन्ही विक्रम ठरले. सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्यांनी न्यूयॉर्क जायंट्सना ३४–७ असं हरवलं. जायंट्सचे ते ७ गुणसुद्धा किकऑफ रिटर्नवरचे, ऑफेन्सला एकही गुण नाही. रे लुइस हा मधला लाइनबॅकर त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला आणि सुपर बोलचा एमव्हीपी (सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू) सुद्धा. तो थोरच खेळाडू होता, त्याच्याकडून काही काढून घ्यायचं नाही. पण त्याच्या पुढे सॅम अ‍ॅडम्स आणि टोनी सिरागुसा असे प्रत्येकी दीडशे किलोंच्या घरातले दोन टॅकल उभे होते. त्या हंगामाचं चित्रण काढून बघा: लुइसच्या अंगावर गार्ड पोचलाय असं फार कमी वेळा दिसतं. लुइस २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. १२ हंगाम खेळलेल्या सिरागुसाच्या नावावर कारकिर्दीत अवघे २२ सॅक, आणि प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी त्याची एकदाही निवड झाली नाही. खिंड लढवणारा एक आणि गडावर पोचून तोफा उडवणारा दुसरा, हे आपल्याला मराठी माणसांना वेगळं सांगायला नको.

पासच्या वेळचं काम निराळं, आणि माझ्या मते आजच्या खेळात जास्त मोलाचं. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये सेंटरच्या मागे पाचेक यार्डांवर उभा असतो. कडेने येणाऱ्या एज रशरला वळसा घालून यावं लागतं. तो जवळ आला की तयारीचा क्वार्टरबॅक काय करतो? दोन पावलं पुढे सरकतो, पॉकेटच्या, म्हणजे त्याच्या लाइनमननी घेरून राखलेल्या जागेच्या, आत. एज रशर मागून निघून जातो आणि चेंडू आरामात फेकला जातो. हे पुढचं पाऊल ही क्वार्टरबॅकची खरी सुटकेची वाट. मधूनच कोणी सेंटर-गार्डला त्याच्या पायांवर ढकलत आणलं की ती वाट बंद होते. पुढचा पाय टाकता येत नाही, फेकीत जोर राहत नाही, चेंडू उंच किंवा मागे जातो. नाहीतर क्वार्टरबॅक मागे सरकतो, थेट वळसा घालून येणाऱ्या एज रशरच्या मिठीत. सॅक एज रशरचा. ज्याने त्याला मागे हटवलं त्याच्या नावापुढे काहीच नाही.

ट्विस्ट नावाच्या डावात तर हे ठरवूनच होतं. आतला टॅकल मुद्दाम तिरका बाहेर घुसतो, ऑफेन्सचा गार्ड आणि टॅकल दोघांनाही स्वतःकडे ओढतो आणि बाहेरचा एंड (डिफेन्सच्या लाइनचा कडेचा खेळाडू) त्याच्या मागून वळून मोकळ्या झालेल्या फटीतून आत येतो. पहिल्याने सॅक मिळवण्याचा प्रयत्न केला तर डाव फसतो, म्हणून तो प्रयत्न त्याने करायचाच नसतो. पोरांना हे गळी उतरवायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

सॅक ही वैयक्तिक नोंद म्हणून एनएफएलने १९८२ पासून अधिकृत केली. त्याआधी तीही नव्हती. दोघांना किती वेळा अडकवलं, क्वार्टरबॅकचं पाऊल किती वेळा रोखलं, याला अधिकृत धावपत्रकात आजही रकाना नाही. त्यामुळे कॅन्सस सिटी चीफ्सच्या ख्रिस जोन्सबद्दल एक मजेशीर गोष्ट घडली. जानेवारी २०२३ मधल्या बेंगल्सविरुद्धच्या एएफसी (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यापर्यंत त्याच्या नावावर प्लेऑफमध्ये एकही सॅक नव्हता आणि टीकाकार त्यावरून त्याला टोचत असत. तोवर तो एक सुपर बोल जिंकून बसला होता! फोर्टी नायनर्सविरुद्धच्या त्या सुपर बोलमध्ये त्याने हात वर करून तीन पास पाडले होते. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा त्याच संघाविरुद्ध जादा वेळेत, थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला), चीफ्सच्या ९ यार्डांच्या रेषेवर, जोन्स मधून इतक्या वेगाने त्यांचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी याच्यावर आला की त्याला चेंडू घाईने फेकून द्यावा लागला. टचडाउनऐवजी फील्ड गोल, ३ गुण. चीफ्स २५–२२ ने जिंकले. त्या प्लेची मुख्य नोंद एवढीच: पास अपूर्ण. पुढच्याच महिन्यात जोन्सला ५ वर्षांसाठी १५ कोटी ८७ लाख ५० हजार डॉलर मिळाले. चाहते बघतात धावपत्रक, पैसे देणारे बघतात फिल्म.

फेब्रुवारी २०२५ चा सुपर बोल याहून बोलका. फिलाडेल्फिया ईगल्सचा डिफेन्सचा सूत्रधार व्हिक फँजिओ. त्याची पद्धत अशी की दोन सेफ्टी (सर्वांत मागचे राखणदार) मागे खोल ठेवायचे आणि पुढची गर्दी कमी करायची. पुढे माणसं कमी म्हणजे आतल्या टॅकलने एकट्याने दीड फट सांभाळायची. तसे टॅकल हाताशी नसतील तर ही पद्धत कागदावरच राहते. ईगल्सकडे ते होते: जेलन कार्टर, जॉर्डन डेव्हिस, मिल्टन विल्यम्स. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला त्या दिवशी ६ वेळा सॅक केलं आणि ब्लिट्झ (जादा माणसं पुढे धाडणं) एकदाही केला नाही. चार जण पुढे, सात जण मागे कव्हरेजला. सॅक कोणाचे? एज रशर जॉश स्वेटचे अडीच, विल्यम्सचे दोन. कार्टर त्या संघाचा सर्वांत धोकादायक टॅकल. चीफ्सची लाइन त्याच्याकडे झुकत राहिली आणि त्याच्या नावावर शून्य. सामना ४०–२२. महिन्याभरात विल्यम्सला न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी ४ वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलर दिले. विल्यम्स गुणी आहे, पण कार्टरच्या शेजारी उभं राहिल्याने त्याला समोर एकटा गार्ड कितीदा मिळाला, हे त्या फिल्ममध्ये स्पष्ट दिसतं.

आता तुमचे पँथर्स. २०२३ मध्ये ब्राउनने १०३ टॅकल केले. बहुतेक नोज टॅकल निम्म्यावरही पोचत नाहीत, त्यामुळे हा आकडा त्या जागेसाठी विलक्षण. संघ १७ पैकी २ सामनेच जिंकला, तरी कमीत कमी यार्ड देण्याच्या बाबतीत त्यांचा डिफेन्स लीगमध्ये चौथा होता. २०२४ च्या पहिल्याच सामन्यात, न्यू ऑर्लीन्सकडून ४७–१० असा मार खाल्ला त्या सामन्यात, ब्राउनच्या गुडघ्यातली मेनिस्कस फाटली आणि हंगाम संपला. पुढे काय झालं ते तुम्ही स्टेडियमवरून पाहिलंच असेल. सामन्याला १८० च्या आसपास यार्ड धावून दिले, आदल्या वर्षी ते १२० च्या आसपास होते. हंगामात एकूण ५३४ गुण दिले. एनएफएलच्या इतिहासात एका हंगामात इतके गुण कोणीच दिलेले नाहीत. आधीचा विक्रम १९८१ च्या बॉल्टिमोर कोल्ट्सचा, ५३३, आणि तोही एक सामना कमी खेळून.

हे सगळं एका ब्राउनमुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी एज रशर ब्रायन बर्न्सला त्यांनी जायंट्सना देऊन टाकलं होतं, लाइनबॅकर फ्रँकी लुवू वॉशिंग्टनला गेला होता, लाइनबॅकर शॅक थॉम्प्सन सुरुवातीलाच जखमी झाला. पण डिफेन्सचा सूत्रधार कोच आदल्या वर्षीचाच होता, पद्धत तीच होती. फरक पाहायचा तर त्या हंगामातले लाइनबॅकर बघा. टॅकल ते करतच होते, पण रेषेपासून पाच-सहा यार्ड मागे, अंगावर गार्ड लटकलेला असताना. धावपत्रकात तो टॅकलही एकच आणि एक यार्डावरचाही एकच.

तरीही कोचच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. "तो डबल टीम खातो" हे वाक्य फार स्वस्त झालंय. डबल टीम होणं हे आपोआप कौतुकाचं नसतं. सेंटरच्या समोर कोणी नसेल तर सेंटर कुठल्यातरी बाजूला मदतीला जाणारच. तो तुमच्या मुलाकडे गेला यात मुलाच्या धाकापेक्षा फॉर्मेशनचा (खेळाडूंच्या मांडणीचा) भाग जास्त असू शकतो. पाहायचं ते पुढचं: दोघं आल्यावर तो कुठे संपतो? रेषेवर उभा राहिला, तर काम झालं. दोन यार्ड मागे गेला, तर त्याने दोघांना अडवलेलं नाही, दोघांनी त्याला लाइनबॅकरच्या मांडीवर नेऊन बसवलंय, आणि अशा वेळी तिथे कोणी नसता तर बरं झालं असतं. तिसरी शक्यता अशी की दोघं आलेच नाहीत, एकट्या सेंटरने त्याला धरून ठेवलं आणि दोन्ही गार्ड मोकळे वर गेले. हे सर्वांत वाईट, आणि गॅलरीतून हेही "तो मधे लढतोय" असंच दिसतं.

एनएफएलमध्ये आता खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप असते, त्यामुळे यातलं थोडं मोजता येऊ लागलंय. ईएसपीएनचा पास रश विन रेट म्हणजे अडीच सेकंदांच्या आत समोरच्याला किती वेळा हरवलं त्याची टक्केवारी. सोबत डबल टीमचं प्रमाणही देतात. कामाची गोष्ट आहे. पण चिपला माणूस कुठे आहे ते कळतं, त्याला काय सांगितलं होतं ते कळत नाही. ट्विस्टमध्ये मुद्दाम बळी जाणारा टॅकल तिथेही हरलेलाच दिसू शकतो.

मर्यादाही सांगतो. हा खेळ आता पासचा झालाय. थर्ड डाउनला दहा यार्ड हवे असतील तर नुसता जागा धरणारा नोज टॅकल बाहेर बसतो. निम्मे प्ले बाकावर काढणाऱ्याला कोणी मोठे पैसे देत नाही, आणि त्यात काही चूक नाही. जोन्स आणि विल्यम्स यांना मिळालेले पैसे मधून घुसण्याचे आहेत. रन थोपवणंही करून वर क्वार्टरबॅकचं पाऊल रोखणारा ब्राउनसारखा माणूस मात्र दुर्मिळ. २०२१ मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या जॉर्डन डेव्हिसला महत्त्वाचे पुरस्कार मिळाले ते सॅकच्या आकड्यांवर नव्हे; १५४ किलोंचा तो माणूस ४० यार्ड ४.७८ सेकंदांत धावला तेव्हा बाकीच्यांनी माना डोलावल्या.

हायस्कूलमध्ये बरेच संघ अजून धावण्यावरच भर देतात, त्यामुळे तुमच्या मुलाच्या जागेचं वजन तिथे एनएफएलपेक्षा जास्तच आहे. संघाची फिल्म हडल या व्हिडिओच्या साइटवर असते. त्यातली साइडलाइनची नको, एंड झोनच्या मागून घेतलेली मागा. साइडलाइनवरून आतल्या माणसांचा नुसता गोळा दिसतो. मागून बघताना चेंडू कुठे गेला ते पहिल्या दोन सेकंदांत विसरून जा. स्नॅपनंतर तो पहिला हलतो का, त्याची कंबर समोरच्यापेक्षा खाली आहे का, त्याचे हात समोरच्याच्या छातीच्या आत आहेत की बाहेर, आणि त्याच्या मागच्या लाइनबॅकरच्या अंगावर कोणी पोचलं का. रन असेल तर एवढं पुरे. पास असेल तर क्वार्टरबॅकचा पुढचा पाय बघा. असे वीस प्ले बघितलेत तर कोचचं म्हणणं खरं की खोटं ते तुम्हालाच कळेल.

वजनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेक पालक दुसऱ्या प्रश्नात तिथेच येतात. पोराला खायला घालून दीडशे किलो करायच्या मागे लागू नका. एरन डोनल्ड १२७ किलोंच्या आसपास होता, या जागेसाठी बुटका म्हणून २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (लीगमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) तेराव्या क्रमांकापर्यंत राहिला आणि तीनदा लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू होऊन १११ सॅकवर निवृत्त झाला. नोज टॅकल विन्स विल्फोर्क १४७ किलोंचा, कारकिर्दीत १६ सॅक, दोन सुपर बोल. दोघांत सारखं काय तर कमरेची उंची आणि हातांची लढाई. त्यासाठी हिवाळ्यात शाळेच्या कुस्तीच्या संघात जाण्यासारखा उपाय नाही. सिरागुसाही न्यू जर्सीत शाळेत असताना कुस्ती खेळायचा. नोव्हेंबरमध्ये नावनोंदणी सुरू होते, फुटबॉलचा हंगाम संपता संपता. कोचला आत्ताच विचारून ठेवा, कारण शंभर किलोंच्या पुढच्या गटात मुलं कमी असतात आणि कुस्तीचे कोच अशा मुलाला सहसा नाही म्हणत नाहीत.